महिना दोनशेत चेहऱ्याची काळजी : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बचत गटाच्या प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी २०२५

आज हप्ते गोळा झाल्यावर विषय मांडला आणि सगळ्यांनी उचलून धरला. आपण गटातल्या बायका चेहऱ्यावर महिन्याला किती पैसे घालतो, त्यातलं कामाला किती येतं आणि त्रास किती होतो, हे नीट तपासायचं आणि त्यातून एक कागद तयार करायचा. कागद मराठीत, एकाच पानाचा, कपाटाच्या दाराला आतून अडकवता येईल असा.

हे काम मी का अंगावर घेतलं ते लिहून ठेवते. मी फार्मसी शिकलेय आणि मेडिकलच्या काउंटरला असते. दुपारी गर्दी ओसरली की बायका येतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "ती ट्यूब द्या की, गोरं व्हायची." कुणाच्या हातात रिकामी ट्यूब असते, कुणाच्या मोबाइलवर नणंदेने पाठवलेला फोटो. चिठ्ठी मागितली की चेहरा पडतो. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, पण माझ्याकडून परत गेलेली बाई पुढच्या दुकानाची पायरी चढते हेही मला दिसतं. तिला नाही म्हणताना बदल्यात काहीतरी सांगता आलं पाहिजे, आणि ते तिच्या खिशाला झेपलं पाहिजे.

खर्चाची मर्यादा महिना २०० रुपये. आकडा गटानेच दिला. पापड लाटणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दोनशेच्या वर गेलं की मालक विचारत्यात, एवढं काय फासतीस तोंडाला." कॉलेजात जाणाऱ्या पोरीही यात आहेत, त्यांचा हात याहून आखडता. म्हणून २०० पक्के.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून सगळ्या जमल्या. प्रत्येकीने घरातल्या फळीवर जे असेल ते पिशवीत घालून आणायचं ठरलं होतं. सतरंजीवर ओतलं तर ढीग झाला.

सगळ्यात जास्त काय निघालं, तर गोरेपणाची क्रीमं. अर्धी, पाव, तोंडाशी वाळलेली. "फेअर अँड लव्हली"चं नाव बदलून "ग्लो अँड लव्हली" झालं ते २०२० साली, तरी ढिगात जुन्या नावाची ट्यूब होती, म्हणजे ती किती वर्षांची असेल ते बघा. टाल्कम पावडरचे डबे जवळजवळ प्रत्येकीचे. मुलतानी माती, गुलाबपाणी, चंदनाच्या नावाची पुडी. मुदत संपलेले कॉम्पॅक्ट. एकच काजळकांडी, जी तीन बहिणी वापरतात. औषधी मलमाच्या चार ट्यूबा, चारही स्टिरॉइडच्या, म्हणजे सूज-खाज दाबणाऱ्या औषधाच्या. आणि एक पांढरी डबी, वर फक्त इंग्रजीत "नाइट क्रीम" छापलेलं, बाकी काही नाही.

जे निघालं नाही ते जास्त बोलकं. सनस्क्रीन सगळ्यांत मिळून एक, तीही कॉलेजातल्या पोरीची, गेल्या दिवाळीत घेतलेली आणि अजून अर्धी भरलेली. ओलावा धरून ठेवणारं साधं क्रीम फक्त दोघींकडे. म्हणजे पैसा खर्च होत नाही असं मुळीच नाही. रंग उजळण्याच्या आशेवर तो जातो, आणि कातडी सांभाळायच्या वेळी पाकीट रिकामं असतं. पुढचं सगळं काम या एका गोष्टीभोवती करायचं आहे, असं मी आजच ठरवलं.

साबण वेगळे काढले. अंगाच्या साबणाच्या वेष्टणावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात एकूण स्निग्ध पदार्थांचा अंश किती. ७६ टक्के किंवा वर असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. ज्या वड्यांवर "बेदिंग बार" लिहिलंय त्या या प्रतवारीत येतच नाहीत. बहुतेकींनी हे अक्षर आज पहिल्यांदा वाचलं. तोंडासाठी वेगळा फेसवॉश हवाच असं नाही, पण खरा साबण कोणताही घेतला तरी तो अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट असतो, पीएच (हे मोजायचं माप) साधारण ९ ते १०, आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. दिवसातून चारदा साबणाने तोंड धुतलं की ताण येतो, तो त्यामुळे. दोनदा पुरे. मधल्या वेळी नुसतं पाणी.

२ फेब्रुवारी

रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू उरकायचं म्हणून आज गटाचं झालं. वाण म्हणून प्रत्येकीला ग्लिसरीनची छोटी बाटली दिली. प्लास्टिकचा डबा मिळाला नाही म्हणून कुणी नाराज झालं नाही, उलट "हे कसं लावायचं" यावरच तासभर गेला. उत्तर सोपं आहे. आंघोळ झाली की अंग टॉवेलने टिपायचं, पुसून कोरडं करायचं नाही. ओलसर असतानाच तळहातावर चार थेंब ग्लिसरीन, त्यात तेवढंच किंवा जास्त पाणी, आणि लावायचं. नुसतं घट्ट ग्लिसरीन चिकटतं आणि धूळ धरतं. टाचा, कोपरं आणि ओठांना वरून व्हॅसलीनचा हात. व्हॅसलीन स्वतः ओलावा देत नाही, आतला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून ते नेहमी वरून.

आज खरा वेळ गेला तो कुंकवावर, आणि जायलाच हवा होता. अंबाबाईच्या गावात राहून कपाळावर काय लावतो ते बघायचं नाही, हे बरोबर नव्हे. महाद्वार रोडवर कुंकवाच्या राशी दिसतात. शेंदरी, लालभडक, किरमिजी, गुलाबी. पूर्वी कुंकू हळदीपासून व्हायचं. हळदीत चुन्यासारखं अल्क मिसळलं की ती लाल होते. आंघोळीच्या साबणाचा हात हळदीच्या डागाला लागला की डाग लाल होतो, तेच हे. आज बाजारातलं बरंचसं कुंकू कृत्रिम रंगाचं असतं, आणि त्यातल्या काही रंगांनी कपाळावर खाज, काळपटपणा येतो.

चाचणी अशी केली. पांढऱ्या बशीत वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या कुंकवाच्या चिमटी ठेवल्या आणि प्रत्येकीवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले. हळद-चुन्याचं असेल तर आंबटाने लाली उतरून ते पिवळ्याकडे झुकतं. एका चिमटीचा रंग डोळ्यांदेखत पिवळा झाला. ते कागलकडच्या एका आजींनी घरी केलेलं होतं. बाकीच्या लालच राहिल्या, एकीचा तर रस सुद्धा गुलाबी झाला. हा घरगुती अंदाज आहे, प्रयोगशाळेची तपासणी नव्हे. पण सगळ्याजणी बशीभोवती डोकी लावून बघत होत्या, आणि तेवढ्याने जे समजलं ते तासभर बोलून समजलं नसतं.

टिकलीचं वेगळं. तिचा त्रास रंगाचा कमी, डिंकाचा जास्त. चिकटवण्यासाठी वापरतात त्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, आणि काहींच्या त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींना ते मारक ठरतं. मग टिकलीच्या जागी बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. मेस चालवणाऱ्या काकूंनी टिकली काढून दाखवली. डाग होता. त्यांना वाटत होतं कोड फुटलं, म्हणून दोन वर्षं त्या ती जागा मोठ्या टिकलीखाली झाकत होत्या, म्हणजे ज्याने डाग पडला तेच पुन्हा वर. ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टिकली आजपासून बंद, डाग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचा. तोवर कपाळ मोकळं ठेवायचं मला बरं वाटलं असतं, पण काकूंना ते पटणार नाही. मग मधला मार्ग: व्हॅसलीनचा बारीक ठिपका आणि त्यावर आजींचं घरगुती कुंकू, डागापासून बोटभर वर. रात्री पुसून झोपायचं, आणि खाजलं की लगेच बंद.

१२ फेब्रुवारी

त्या चार ट्यूबांपैकी एकीची मालकीण वहिनी आज दुकानात आल्या. सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटला होता. लग्नाआधी जावेने सांगितलं म्हणून त्यांनी ही ट्यूब धरली, तेव्हापासून रोज रात्री. "पयल्या महिन्यात असा चेहरा उजळला म्हणून सांगू. आता एक रात्र चुकली तर आग आग होती. मी सोडतो म्हटलं तरी सुटंना."

मी त्यांना उजेडात दारात उभं केलं. गाल कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ आणि चकचकीत. दोन्ही बाजूंना लाल दोऱ्यासारख्या बारीक शिरा. हनुवटीच्या कडेला लव वाढलेली. कपाळावर बारीक पुरळ. दुपारच्या उन्हात एक मिनिट उभं राहिल्यावर त्यांनी पदर पुढे ओढला.

ट्यूबवरची अक्षरं आम्ही दोघींनी मिळून वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं स्टिरॉइड. बाकीच्या ट्यूबांत बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल होतं. डॉक्टर ही मलमं देतात, ठरावीक आजाराला, ठरावीक दिवस. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरमं येतात, केस वाढतात, आणि बंद केलं की चेहरा पेटतो. पेटला की बाई घाबरून पुन्हा लावते. यातच वर्षं जातात. हे इतकं पसरलंय की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये या अवस्थेला "स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा" अशा अर्थाचं नाव दिलं. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम आहे, तरी ट्यूब मिळते, आणि स्वस्तात मिळते. दुकानातल्या स्वस्त "सौंदर्याच्या" वस्तूंत ही एक आहे. पुढे तिच्यापायी डॉक्टर, औषधं, बुडालेला रोजगार किती होतो ते कुणी जोडून बघत नाही.

वहिनींना मी एकच निक्षून सांगितलं: आजच्या आज स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि वाढवूही नका. उद्या सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, त्वचा विभागात जायचं, ट्यूब बरोबर न्यायची, लाजायचं नाही. डॉक्टर पायरीपायरीने उतरवतील. मी बरोबर जाणार आहे.

ती बिननावाची पांढरी डबी जिची होती तिला ती एका पार्लरमधून मिळाली होती. तिच्यावर बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटक नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रसाधनावर हे असणं बंधनकारक आहे, अगदी छोट्या पॅकला काही बाबतीत सूट सोडली तर. अशा डब्यांत पारा असण्याची भीती असते. पारा रंग बनण्याची क्रिया रोखतो म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो, आणि तोच पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडं खराब करतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना असं क्रीम लावून मूत्रपिंडाचा आजार झाल्याची बातमी पेपरात आली होती, ती मी कात्रणासारखी जपून ठेवलीय. आपल्याकडच्या २०२० च्या प्रसाधन नियमांत पारा घालायला बंदी आहे, चुकून आलेला अंश सुद्धा डोळ्यांची प्रसाधनं सोडून इतरांत दहा लाखांत एक भागाच्या वर चालत नाही. कागदावर ठळक ओळ: डबीवर पत्ता नाही, तर ती तोंडाला नाही.

२३ फेब्रुवारी

हिशेबाचा दिवस. बँकेत कॅशला बसणाऱ्या ताईंनी वही धरली.

सनस्क्रीन महाग वाटते, कारण आपण ट्यूबची किंमत बघतो, ग्रॅमची बघत नाही. आणि पुरते का, तेही बघत नाही. डब्यावरचा एसपीएफ आकडा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण त्याचं माप, ज्या चाचणीतून येतो तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरला तर एका वेळेला १.२ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून चाळीस-एक दिवसांत संपली पाहिजे. कॉलेजातल्या पोरीची दिवाळीची ट्यूब अजून अर्धी आहे, याचा अर्थ ती लावते तेवढ्याने छापलेला आकडा तिच्या चेहऱ्याला मिळतच नाही. मापाचा सोपा उपाय: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ.

एसपीएफ ३० घ्यावा की ५०? ३० चा उन्हातले कातडी भाजणारे अल्ट्राव्हायोलेट बी किरण सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० चा ९८ टक्के. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, ३० पुरेशा मापात लावलेला बरा. त्याबरोबर पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघायची, कारण वांग आणि काळपटपणा वाढवणाऱ्या अल्ट्राव्हायोलेट ए किरणांचं संरक्षण तिथे कळतं. तीन चिन्हं तरी हवीत.

ताईंनी मांडलेलं गणित: १०० ग्रॅमचं पॅक ४०० रुपयांच्या आत पकडलं तर ग्रॅमला ४ रुपये. महिन्याला ३६ ग्रॅम, म्हणजे १४४ रुपये. ग्लिसरीन आणि व्हॅसलीनचे मिळून २०. उरले ३६. ते मेकअपला. २०० च्या आत बसतं, पण जेमतेम, आणि गोरेपणाच्या क्रीमला जागाच राहत नाही. ही गोष्ट बोलून दाखवली तेव्हा एक क्षण कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "जाऊ दे, इतकी वर्षं लावून कुठं गोरी झालो मी." आणि वहीत ती ओळ आडवी खोडली.

प्रत्येकीला रोज सनस्क्रीन हवीच असंही मी म्हणत नाही. घरात बसून शिवण करणारीला खिडकीच्या कडेची जागा सोडली तरी बरंच भागतं. भाजी विकणाऱ्या, स्कूटीवर शिरोली एमआयडीसीत जाणाऱ्या, आणि ज्यांना वांग आहे अशा बायकांना आधी. पैसे कमी असतील तर त्यांच्यावर आधी घालावेत.

१९ मार्च

रंगपंचमी. आदल्या दिवशी सगळ्यांना निरोप दिला होता: चेहऱ्याला आणि कानामागे खोबरेल चोपडा, नखांना गडद नेलपॉलिश लावा. रंग निघाला नाही तर घासू नका, रॉकेल तर नकोच, दोन दिवसांत आपोआप उतरतो. पोरींनी ऐकलं.

एक मुद्दा यातून निघाला. खोबरेल रंग खेळण्यापुरतं ठीक, रोज चेहऱ्यावर नको. ज्यांना मुरमं येतात त्यांची छिद्रं त्याने बुजतात. कपाळावर केसांच्या रेघेशी पुरळ येणाऱ्या तिघींनी रात्री तेल थापून झोपायचं बंद केलंय. महिन्याभराने बघू.

६ एप्रिल

उन्हाचा तडाखा सुरू झालाय. आज विषय स्कार्फ. कोल्हापुरात स्कूटीवरची प्रत्येक पोरगी डोळे तेवढे सोडून तोंड बांधून घेते, आणि खर्चाच्या बाबतीत ही आपली सगळ्यात चांगली सवय आहे. कापड एकदा घेतलं की वर्षानुवर्षं. पण सगळे स्कार्फ सारखे नसतात. उजेडाकडे धरून बघायचं. पलीकडचं दिसलं तर किरणंही येतात. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड चांगलं. भिजलेलं कापड कमी अडवतं. आणि स्कार्फ रोज धुवायचा. घाम, धूळ आणि घासणं यांनी गालावर बांधायच्या जागी पुरळ येतं, त्यावर मग पोरी लिंबू किंवा टूथपेस्ट लावतात. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी काळी पडते. दोन्ही कागदावर "नको" खाली घेतलं.

स्कार्फ बांधला की सनस्क्रीन कपाळ, नाक आणि डोळ्यांखालच्या भागापुरती लागते. खर्च जवळपास निम्म्यावर येतो. सावलीचा नियमही घातला: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन चेहऱ्यावर घ्यायचं नाही.

१३ एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा. गटातल्या निम्म्याजणी डोंगरावर जाऊन आल्या. आज चेहरे, कान, मानेच्या घड्या अजून गुलाबी. गुलालाशिवाय जोतिबा नाही, त्याबद्दल कुणाला काही सांगायचंही नाही. जाण्याआधी व्हॅसलीनचा थर, डोळ्यांना काजळ नको, परतल्यावर आधी कोरडाच झटकायचा, मग भरपूर पाण्याने, शेवटी साबण. ज्या वहिनींचं स्टिरॉइड उतरवायचं चालू आहे त्यांनी चेहरा पूर्ण झाकून दर्शन घेतलं. त्यांच्या कातडीला आत्ता गुलाल सोसणार नाही, हे त्यांनी स्वतः ओळखलं. मला फार बरं वाटलं.

४ मे

लग्नसराई. महाद्वार रोडवर मेकअपची खरेदी, पाचजणी मिळून. महिन्याचे ३६ रुपये साठवून आठ-नऊ महिन्यांत एक चांगली लिपस्टिक येते, आणि रोज लावली तरी तेवढी टिकते. म्हणून एकच, पण बघून घ्यायची.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच रंग छान दिसतात. आम्ही बोटावर लावून सरळ रस्त्यावर आलो. दुकानदार आधी वैतागला, मग स्वतःच आरसा घेऊन बाहेर आला. गव्हाळ आणि सावळ्या रंगाला विटकरी, मरून, तपकिरी गुलाबी शोभतात. फिकट "न्यूड" रंगांनी ओठ आजारी दिसतात. ओठांवर टेस्टर लावायचा नाही, आधी कितीजणींच्या ओठांना लागलाय कुणास ठाऊक. हीच लिपस्टिक बोटाने गालावर टिपली की लालीचं वेगळं डबं लागत नाही.

कॉम्पॅक्टचा रंग मनगटावर बघायचा नाही. जबड्याच्या कडेला लावायचा, गळ्याशी जुळला पाहिजे. दोन छटा गोरा घेतला की फोटोत चेहरा राखाडी येतो. लग्नाच्या अल्बममध्ये हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. नवरीचा गळा एका रंगाचा, तोंड दुसऱ्या. सावळ्या पोरीला तिच्याच रंगात सुंदर दिसू द्यावं, असं मी दुकानात जरा मोठ्यानेच म्हणाले. बरोबरच्या नवरीच्या आईने तिचा हात धरून गळ्याशी जुळणारी डबी निवडली.

मोठ्या कंपन्यांच्या नावाची, हुबेहूब वेष्टनाची, पन्नास रुपयांची लिपस्टिक तिथे टोपलीत होती. अक्षरातली एखादी चूक, पुसट बॅच नंबर, परवाना क्रमांक गायब. घेतली नाही.

काजळ प्रत्येकीचं आपापलं. कांडी वाटून वापरली की एकीचे डोळे आले की घरात सगळ्यांचे येतात. डोळे येऊन गेल्यावर ती कांडी फेकायची, जीव तुटला तरी. पेन्सिल असेल तर दर वेळी टोक काढून घ्यावं. सुरम्यात शिसं असू शकतं म्हणून तो नको, आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत कसलंच काजळ नको. आजी लोकांशी यावर वाद होणार, तो मी घालीन.

झोपताना मेकअप काढायला वेगळं पाणी विकत घ्यायची गरज नाही. बेबी ऑइलचे चार थेंब, कापसाने पुसायचं, मग साबणाने धुवायचं.

परवा-तेरवा कोल्हापुरात शून्य सावली येईल, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. पोरींना अंगणात काठी उभी करून बघायला सांगितलंय. सावलीचा नियम त्यांना कायमचा लक्षात राहील.

१५ जून

पाऊस लागला आणि काउंटरवरचे प्रश्न बदलले. कपडे वाळत नाहीत, पेटीकोटच्या नाडीखाली, जांघेत, काखेत गजकर्ण. बायका पुन्हा त्याच वाटेने जातात: स्टिरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असलेली मिश्र ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी आत पसरते, आणि डॉक्टरांना सुद्धा ओळखू येणार नाही असं तिचं रूप होतं. यावर कागदाच्या मागच्या बाजूला अर्धं पान दिलं. नाडी सैल, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, अंतर्वस्त्रं इस्त्री करून घालायची, आणि ट्यूब चिठ्ठीनेच. पायाच्या बोटांतल्या चिखल्यांसाठी: बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करणं हे अर्धं औषध.

पावसात सनस्क्रीन थांबवायची का, असं विचारलं गेलं. ढगांतूनही किरणं येतात. ज्यांना वांग आहे त्यांनी चालू ठेवावी. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत, छत्री आहेच.

वहिनी सीपीआरला नियमित जातात. शिरा अजून दिसतात, पण आग थांबलीय, आणि काल त्या पदर पुढे न घेता भाजी घ्यायला गेल्या. कपाळावर तेल बंद केलेल्या तिघींपैकी दोघींचं पुरळ गेलं. तिसरीला हनुवटीवर खोल, दुखरे फोड येतात, व्रण राहतायत. ते घरगुती उपायांचं काम नव्हे, तिलाही डॉक्टरांकडे पाठवलं.

२९ जून

कागदाचा शेवटचा मसुदा वाचून झाला. मावशींना मोठ्याने वाचायला लावला, जिथे त्या अडल्या तिथे वाक्य बदललं. "अल्ट्राव्हायोलेट" काढून "उन्हातले किरण" केलं, "घटक" ठेवलं. हळद, बेसन, दुधाची साय यांवर मतभेद होता. माझं म्हणणं, सोसत असेल त्यांनी खुशाल लावावं, घासून काढू नये, आणि रंग बदलेल ही आशा धरू नये. तसंच लिहिलं. बेकिंग सोडा, लिंबू, टूथपेस्ट यांना मात्र सूट नाही.

जुन्या ट्यूबा आणि डब्या गोळा करून बाजूला ठेवल्यात. ज्यांना स्टिरॉइडची सवय आहे त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत, प्रत्येकीबरोबर दवाखान्यात कोण जाणार एवढं ठरलंय.

१०० ग्रॅमची सनस्क्रीन एकत्र मागवायची, गटाच्या खात्यातून, महिन्याच्या हप्त्यात ज्याची त्याची रक्कम वळती करून. ताई हिशेब ठेवतील. छपाई शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये, दोन्ही बाजूंनी, काळ्या शाईत. पहिल्या प्रती शेजारच्या दोन गटांना आणि कॉलेजच्या वसतिगृहाला. नवरात्राच्या आधी महाद्वार रोडवरून कुंकू पुन्हा आणून लिंबाची चाचणी करायची, कारण सगळ्यात जास्त विक्री तेव्हा होते. घरगुती कुंकू करणाऱ्या आजींना विचारलंय, त्या गटाला शिकवायला तयार आहेत. हळकुंडं आणि चुना आपण आणायचा.